पाच नंबरचा बोजा

एखादी वस्तू 'शंभर वर्षांपूर्वीची तीच' आहे असं म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो, हा प्रश्न माझ्या धंद्यात रोज समोर येतो, पण त्याला कुणी प्रश्न मानत नाही. मी सॉफ्टवेअर लिहिते. ज्या बिलिंग सिस्टीमवर माझी टीम काम करते ती पंधरा वर्षं चालू आहे असं सगळे अभिमानाने सांगतात. तिच्यात पहिल्या वर्षीची एकही ओळ शिल्लक नाही. भाषा बदलली, डेटाबेस बदलला, लिहिणारी माणसं तर केव्हाच सोडून गेली. राहिलं ते नाव. तरीही एखादा जुना ग्राहक २०१४ साली ठरलेला दर दाखवून तोच लावा म्हणतो, तेव्हा 'ती सिस्टीम वेगळी होती हो' असं आम्हाला म्हणता येत नाही. दर लावावा लागतो.

हे सगळं मला आठवायला लागलं ते परफ्यूममुळे. चार-पाच वर्षांपासून मला हा नाद आहे. पुण्यात बसून हा नाद परवडण्यासारखा झालाय, कारण मोठ्या बाटलीतून दोन-पाच मिली काढून छोट्या कुपीत भरून विकणारे लोक आहेत. महिन्याला एखादी कुपी घ्यायची, मनगटावर लावून दिवसभर हुंगत बसायचं आणि रात्री त्याबद्दल वाचायचं. फॅशनच्या मोठ्या घराण्यांचे परफ्यूम वाचायला घेतले की एक शब्द पानोपानी भेटतो : वारसा. आणि त्या शब्दाचं सगळ्यात मोठं दुकान म्हणजे शनेल नंबर ५.

१९२१ साली पॅरिसमध्ये गाब्रिएल शनेल या फॅशन डिझायनर बाईंनी हा परफ्यूम बाजारात आणला. म्हणजे आणला त्यांनी. बनवला अर्नेस्ट बो यांनी. बो १८८१ साली मॉस्कोत जन्मले. तिथल्या राले या कंपनीत ते परफ्यूम बनवत, आणि ही कंपनी रशियाच्या राजघराण्याला माल पुरवत असे. १९१३ साली रोमानोव्ह घराण्याच्या सत्तेला तीनशे वर्षं झाली तेव्हा त्यांनी 'बुके द कातरीन' नावाचा परफ्यूम केला होता. क्रांती झाली, घराणं संपलं, बो उत्तर रशियात यादवी युद्धात लढले आणि तिथून फ्रान्सला आले. पुढे एका व्याख्यानात त्यांनी सांगितलं की आर्क्टिक वर्तुळाच्या पलीकडे, मध्यरात्रीच्या सूर्याच्या दिवसांत, तळ्यांना आणि नद्यांना एक कमालीचा ताजा वास यायचा. तो त्यांना पकडायचा होता. शनेलबाईंसमोर त्यांनी १ ते ५ आणि २० ते २४ असे क्रमांक टाकलेले नमुने ठेवले. बाईंनी पाचवा उचलला. क्रमांक तोच नाव झाला.

तो ताजेपणा बो यांनी अल्डिहाइड या रसायनांनी साधला. अल्डिहाइड म्हटलं की कॉलेजची प्रयोगशाळा आठवते, पण यातली काही आपल्या स्वयंपाकघरातली आहेत. नंबर ५ मधलं डेकॅनाल संत्र्याच्या सालीत असतं, कोथिंबिरीतही असतं. एकेकटी हुंगली तर ही रसायनं फारशी सुखद नाहीत. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा धूर, गरम इस्त्रीखालचं सुती कापड, थोडी साबणाची वडी, असं काहीसं. पण चमेली आणि गुलाबाच्या दाट अर्कात त्यांचा एखादा टक्का पडला की फुलं एकदम उजळतात, आणि 'हे कुठलं फूल?' या प्रश्नाला उत्तर उरत नाही. त्याआधी बायकांचा चांगला परफ्यूम म्हणजे ओळखू येणारं फूल किंवा फुलांचा गुच्छ. हा कशासारखाच नव्हता. मदतनिसाने चुकून रसायन पातळ न करताच ओतलं आणि नंबर ५ जन्मला, अशी एक दंतकथा आहे. मला ती पटत नाही. अल्डिहाइड १९१२ सालच्या 'केल्क फ्लर' या उबिगां कंपनीच्या परफ्यूममध्येही होती, आणि बो यांचा हात त्यांवर बसलेला होता. राजघराण्यासाठी केलेला तो जुना परफ्यूम नंतर 'राले नंबर १' या नावाने विकला गेला. पुढे परफ्यूमचा इतिहास तपासणाऱ्या रसायनतज्ज्ञांना त्याची आणि नंबर ५ ची बांधणी खूप जवळची आढळली.

म्हणजे १९२१ हीदेखील सुरुवात नव्हे. ज्याला आपण मूळ म्हणतो ती एका बुडालेल्या राजवटीसाठी केलेल्या परफ्यूमची सुधारित आवृत्ती असावी. मला यात काही कमीपणा वाटत नाही. चांगल्या गोष्टी बहुतेक अशाच होतात. फक्त 'मूळ' हा शब्द थोडा सैल करावा लागतो.

आणि तो पुढेही सैल होत गेला. १९२१ च्या नंबर ५ मध्ये कस्तुरीचा भास देणारे नायट्रो-मस्क होते. स्फोटकांवर काम करताना आल्बर्ट बाउर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १८८८ साली या कुळातला पहिला मस्क सापडला होता. टीएनटीच्या जवळच्या नातलगाला इतका मऊ वास असावा ही गंमतच आहे. त्यांपैकी काही त्वचेला आणि मज्जासंस्थेला अपायकारक ठरले आणि बाद झाले. जवादी मांजराच्या ग्रंथीतून मिळणारा अर्क गेला, त्याच्या जागी प्रयोगशाळेतला आला. मांजरांच्या दृष्टीने फार उशिरा, पण आला. चंदनाचं तेल दुर्मिळ आणि महाग होत गेलं. खुद्द चमेलीच्या अर्कावरही, काहींच्या त्वचेला तो सोसत नाही म्हणून, या उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रमाणाची मर्यादा घातली. शिवाय आज नंबर ५ नावाची एकच बाटली नाही. दाट पार्फम वेगळा, १९८६ सालचा ओ द पार्फम वेगळा, २०१६ सालचा हलकाफुलका 'लो' आणखी वेगळा.

माझ्याकडे दोन कुप्या आहेत. एकीत आजचा पार्फम, दुसरीत एका मैत्रिणीच्या मावशीच्या कपाटातून निघालेला, बहुधा ऐंशीच्या दशकातला. दोन मनगटांवर दोन लावले की तासाभराने फरक कळतो. जुन्याचा तळ जास्त केसाळ आहे, थोडा प्राण्यासारखा. नवा स्वच्छ आहे. पण यावरून 'जुनं ते सोनं' म्हणायची घाई करू नये, कारण जुन्या बाटलीतलं द्रव्यही तेच राहिलेलं नाही. हवेने आणि उजेडाने वरचे हलके रेणू आधी बिघडतात, म्हणजे ज्या अल्डिहाइडांसाठी हा परफ्यूम प्रसिद्ध झाला नेमकी तीच आधी जातात. जुना परफ्यूम हुंगायचा तर व्हर्सायला ऑस्मोतेक नावाचं संग्रहालय आहे. १९९० साली परफ्यूम बनवणाऱ्यांनीच ते स्थापन केलं. तिथे परफ्यूम अंधारात, १२ अंश सेल्सियसला, आरगॉन वायूच्या आवरणाखाली ठेवतात, आणि कित्येक गेलेले परफ्यूम जुन्या सूत्रांवरून नव्याने तोलून उभे करतात. म्हणजे जास्तीत जास्त अस्सल जुना वास हवा असेल तर तो कालपरवा बनवलेला असण्याची शक्यताच जास्त!

मग 'तोच' काय आहे? एक प्रामाणिक उत्तर असं की द्रव्य नव्हे, ते जपण्याचं काम तेच आहे. या उत्तरावर मला रेंगाळायचंय, कारण कारागिरीचा खरा मान इथे आहे.

दक्षिण फ्रान्समध्ये ग्रास नावाचं गाव आहे. पूर्वी ते कातडी कमावणाऱ्यांचं होतं. कातड्याच्या हातमोज्यांचा वास झाकायला त्यांना सुगंध लावू लागले. पुढे मोजे मागे पडले आणि सुगंध उरला. शेजारच्या पेगोमासमध्ये म्यूल कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या फुलांची शेती करतं. १९८० च्या दशकात त्या किनाऱ्यावर जमिनीचे भाव असे चढले की फुलं लावण्यापेक्षा बंगल्यांना जमीन विकणं शहाणपणाचं झालं. नंबर ५ ची चमेली संपणार हे दिसल्यावर शनेलने १९८७ साली म्यूल कुटुंबाशी दीर्घ मुदतीचा करार केला. आज तिथे गुलाब मे महिन्यात खुडतात आणि चमेली ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत, पहाटे, हाताने. ही चमेली दुसऱ्या जातीच्या काटक चमेलीच्या खुंटावर कलम करून लावायची तिथली जुनी रीत. एका किलोत आठ ते दहा हजार फुलं बसतात, आणि किलोभर शुद्ध अर्काला सहाशेहून अधिक किलो फुलं लागतात. म्हणजे साधारण पन्नास लाख वेळा कुणीतरी वाकून दोन बोटांनी एक फूल तोडायचं. फूल तोडल्यावर काही तासांत त्याचा वास बदलतो, म्हणून अर्क काढायचा कारखाना शेतातच आहे. पार्फमच्या ३० मिलीच्या बाटलीत हजारभर चमेलीची फुलं आणि डझनभर गुलाब असतात, असं शनेलच सांगते.

शेतातला दर हंगामाचा वास वेगळा. पाऊस जास्त झाला, ऊन कमी पडलं, की अर्क बदलतो. तो पुन्हा मापाला आणायचं काम घराण्याच्या परफ्यूमतज्ज्ञाचं. बो यांच्यानंतर हे काम आंरी रोबेर यांनी केलं, १९७८ पासून जॅक पोल्ज यांनी, आणि आता त्यांचा मुलगा ऑलिव्हिए पोल्ज करतो. शंभर वर्षांत चार माणसं. आमच्या भाषेत ही न संपणारी रिग्रेशन टेस्ट आहे : आतलं काहीही बदलो, बाहेर मिळणारं उत्तर बदलता कामा नये. फरक इतकाच की आमच्याकडे अपेक्षित उत्तर फाइलमध्ये लिहिलेलं असतं आणि यांच्याकडे ते नाकात असतं. या चिकाटीपुढे मी मान तुकवते. २०१८ साली युनेस्कोने ग्रास परिसरातली फुलशेती, अर्क काढण्याची विद्या आणि परफ्यूम रचण्याची कला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली, तेही योग्यच झालं.

एक खटकतं. चमेलीचं हे झुडूप मूळ आपल्याच बाजूचं, दक्षिण आशियातलं. आज जगभरच्या परफ्यूम उद्योगाला लागणारा चमेलीचा बराचसा अर्क इजिप्तमधून आणि तमिळनाडूतून जातो. तिथेही पहाटेच वाकून, हातानेच खुडतात. ग्रासच्या फुलाला वारसा म्हणतात, तमिळनाडूच्या फुलाला पुरवठा. हाताची हालचाल दोन्हीकडे सारखीच असते.

तर कारागिरी हे एक उत्तर. पण कायद्याला विचारलं तर ते फारसं टिकत नाही. जून २००६ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की परफ्यूमचा वास म्हणजे एका कौशल्याची अंमलबजावणी. त्यावर साहित्यकृतीसारखा कॉपीराइट नाही. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने लांकोम कंपनीच्या खटल्यात उलट निकाल दिला. पण परफ्यूमचं माहेर फ्रान्स, आणि तिथे नंबर ५ चा वास कुणाच्याही मालकीचा नाही. गॅस क्रोमॅटोग्राफ असलेली कुठलीही प्रयोगशाळा त्यातले बहुतेक घटक वाचू शकते आणि जवळजवळ तसाच वास बनवून विकू शकते. विकता येत नाही ते नाव. म्हणजे द्रव्य बदललं, बनवणारे बदलले, वासावर हक्क नाही. घराण्याचं म्हणून पक्कं काय उरलं, तर नाव आणि नावाभोवतीची गोष्ट. जाहिरातीत आपल्याला विकली जाते ती हीच गोष्ट : एक स्वतंत्र बाई, एक क्रमांक, एक चौकोनी बाटली, १९२१.

त्या गोष्टीत १९४१ नाही.

१९२४ साली 'पार्फम शनेल' ही कंपनी स्थापन झाली. पिएर वर्थायमर आणि त्यांच्या कुटुंबाकडे ७० टक्के, ओळख करून देणाऱ्या तेओफिल बादेर यांच्याकडे २० टक्के, आणि शनेलबाईंकडे १० टक्के. पैसा, कारखाना, जगभरची विक्री, सगळं वर्थायमरांचं. परफ्यूम प्रचंड चालल्यावर बाईंना दहा टक्के कमी वाटू लागले, आणि करार मोडण्यासाठी त्या वर्षानुवर्षं भांडत राहिल्या. इथपर्यंत हे कुठल्याही भागीदारीतलं भांडण आहे, आणि बाईंची बाजूही आहे. नाव त्यांचं होतं. पण १९४० साली जर्मनीने फ्रान्स व्यापला. वर्थायमर ज्यू होते. ते अमेरिकेला निसटले. ज्यूंच्या मालमत्ता काढून 'आर्य' मालकांना देण्याचे कायदे लागू झाले, आणि मे १९४१ मध्ये शनेलबाईंनी अधिकाऱ्यांना पत्र लिहून ही कंपनी ज्यूंची असल्याचं कळवलं आणि ती आपल्याला मिळावी अशी मागणी केली. त्या काळात त्या हान्स गुंथर फॉन डिंकलागे या जर्मन अधिकाऱ्याबरोबर राहत होत्या, आणि जर्मन हेरखात्याच्या कागदांत त्यांचं नाव टोपणनावासकट आहे.

मागणी फसली, कारण वर्थायमरांनी जाण्याआधीच कंपनी फेलिक्स अमियो या ज्यू नसलेल्या विमान-कारखानदाराच्या नावावर केली होती. युद्धानंतर अमियोने ती परत दिली. दरम्यान वर्थायमरांनी ग्रासची चमेली अमेरिकेत आणवून न्यू जर्सीत नंबर ५ बनवणं चालू ठेवलं होतं. परागंदा झालेलं कुटुंब, परक्या देशातला कारखाना, आणि तरी वासात तडजोड नको म्हणून ग्रासचीच फुलं! कारागिरीच्या निष्ठेची याहून मोठी गोष्ट नंबर ५ च्या इतिहासात नसेल, आणि मी पाहिलेल्या कुठल्याही जाहिरातीत ती नाही. कारण ती सांगायची तर हे कुटुंब न्यू जर्सीत का होतं तेही सांगावं लागेल.

पुढचं आणखी चमत्कारिक आहे. युद्धानंतर शनेलबाईंनी स्वित्झर्लंडमध्ये 'मादमुआझेल शनेल' या नावाने स्वतःचे परफ्यूम काढले. म्हणजे शनेल नावाची बाई एकीकडे, शनेल नावाची कंपनी दुसरीकडे, आणि अस्सल कोण हा वाद. १९४७ साली तडजोड झाली : बाईंना जगभरच्या विक्रीवर दोन टक्के. १९५४ साली सत्तरीत त्या फॅशनमध्ये परतल्या तेव्हा पैसा वर्थायमरांनीच लावला आणि सगळं घराणंच त्यांच्याकडे आलं. १९७१ साली बाई वारल्या. आज कंपनी पिएर यांच्या नातवांच्या मालकीची आहे. म्हणजे जिने त्यांच्या कुटुंबाची कंपनी लाटायचा प्रयत्न केला, तिचं नाव ते प्रत्येक बाटलीवर छापतात आणि तिची गोष्ट जगाला सांगतात.

तर माझा मूळ प्रश्न आता असा होतो : 'आम्ही तेच' असं म्हणणाऱ्याने काय काय उचलायचं असतं?

अशा वेळी लोक हमखास थीसियसचं जहाज काढतात : फळी फळी बदलली तर जहाज तेच का? मला ते इथे अपुरं वाटतं. जहाज स्वतःबद्दल काही म्हणत नाही. त्यापेक्षा 'मिलिंदप्रश्न' कामाचा आहे. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा तो पाली संवाद. पुनर्जन्म घेणारा तोच असतो का, असं राजा विचारतो. नागसेन म्हणतात, तोच नाही आणि दुसराही नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत, तसं. इथवर सगळे सांगतात. पण नागसेन पुढे आंबेचोराचा दाखला देतात. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडल्यावर तो म्हणाला, मालकाने लावला तो आंबा वेगळा, मी नेले ते वेगळे. मी याचं काही घेतलेलं नाही. त्याला सोडावं का? राजाच म्हणतो, नाही. कारण नेलेले आंबे त्या लावलेल्या आंब्यातूनच आले. सातत्य मानलं की हिशेबही मानावा लागतो. इथे नागसेनांना सातत्य सिद्ध करायचंय तेच मुळी कर्माचा हिशेब चुकू नये म्हणून.

घराणं चोराच्या उलट बाजूने येतं. ते म्हणतं, आंबा तोच आहे, १९२१ पासून अखंड. ठीक. मग त्याच झाडाला १९४१ सालीही काही लागलं होतं. द्रव्यातल्या बदलाबद्दल माझी तक्रार नाही. जवादी गेली, मस्क गेले, ते बहुतेक चांगल्या कारणांनी गेलं, आणि बदल करणाऱ्यांनी जिवापाड मेहनत घेतली. पण जे घराणं आपलं अखंडत्व गोष्टीवर तोलतं त्याने गोष्टीतला एक घटक गुपचूप वगळणं, याला मी भेसळ म्हणेन. तुपात डालडा मिसळण्यापेक्षा ही वेगळी आहे खरी. इथे काही मिसळलेलं नाही, काढून घेतलंय. बाटलीवर मात्र 'शुद्ध' लिहिलंय.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी, ज्याला मी हे सगळं ऐकवत असते, तो म्हणतो, 'अगं, पण बाई वाईट होती म्हणून वास वाईट होतो का?' नाही होत. मी नंबर ५ वापरते आणि वापरत राहणार. वास बो यांचा आहे, पेगोमासच्या हातांचा आहे, आणि बाईंच्या नाकाचाही आहे. दहांतून तो एक उचलायला नजर लागते. कलाकार आणि कला वेगळी करायला माझी ना नाही. पण ती वेगळी करायला घराणंच देत नाही ना! लेखकाचं पुस्तक लेखक मेल्यावर स्वतःच्या पायावर उभं राहतं. इथे दर हंगामाला बाईंना पुन्हा उभं करून त्यांच्या धाडसाची, स्वातंत्र्याची, अभिरुचीची शपथ घालून माल विकला जातो. माणूस विकायचा असेल तर पुरता विका.

दुसरा आक्षेप जड आहे आणि त्याचं मला पुरतं उत्तर देता येत नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला ते वर्थायमर. आजचे मालकही वर्थायमर. धनको आणि ऋणको एकाच घरात. पिएर यांनी बाईंशी पुन्हा व्यवहार केला. ती क्षमा असेल, धंद्याचा हिशेब असेल, दोन्ही असेल. ज्यांचं देणं होतं त्यांनीच पान उलटलं, तर पुण्यात बसून कुपीभर परफ्यूम हुंगणारी मी कोण ते पुन्हा उघडणारी? मला एवढंच सुचतं की त्या कायद्याने फक्त वर्थायमरांचं नुकसान केलं नाही. ज्यांच्याकडे अमियो नव्हता, अमेरिकेचं तिकीट नव्हतं, अशा हजारो दुकानदारांची दुकानं त्याच कायद्याने गेली. त्या कायद्याचा आधार घेऊन लिहिलेलं पत्र ही दोन भागीदारांमधली खाजगी बाब राहत नाही. ते माफ करण्याचा हक्क एका कुटुंबाला असेल. विसरवण्याचा आहे असं वाटत नाही.

माफ करणं आणि पुसणं यांतला फरक मला आमच्या गावच्या सातबाऱ्यावर दिसतो. आजोबा गेल्यावर वारस नोंद लागली तेव्हा जमिनीबरोबर सोसायटीचं कर्जही बाबांकडे आणि काकांकडे आलं. 'इतर अधिकार' या रकान्यात बोजा म्हणून ते चढलेलंच होतं. जमीन आमची, पण कर्ज आजोबांचं, असं तलाठ्याला सांगायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. कर्ज फिटल्यावर बोजा उतरला. पण जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर ती ओळ खोडलेली नाही. ती कंसात आहे, शेजारी फेरफार क्रमांक आहे, आणि सहज वाचता येते.

असं कंसात ठेवणं शनेललाही जमू शकतं, हे एकदा दिसलंय. २०२३ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गाब्रिएल शनेल यांच्यावर मोठं प्रदर्शन भरलं. घराण्याचं पाठबळ होतं. तिथे बाईंच्या जर्मन संबंधांचे कागद ठेवले होते, आणि त्यांचं नाव फ्रेंच प्रतिकार चळवळीच्या यादीत दाखवणारा कागदही. दोन्ही शेजारी. बघणाऱ्यांनी ठरवावं. प्रदर्शनाला तुफान गर्दी झाली आणि नंबर ५ चा खप त्यामुळे बुडाल्याचं काही ऐकिवात नाही.

ऑफिसात कुणी 'कुठला लावलायस?' विचारलं की मी नाव सांगते. जेवणाची सुट्टी असेल तर बो, म्यूल आणि न्यू जर्सीही सांगते. डबा खाऊन होईपर्यंत १९४१ पर्यंत पोचता येतं. सहकारी म्हणतो, आधी खाऊन घे, वरण गार होतंय.